बांधाच्या आतलं आणि बांधासकट

भोरच्या संस्थानिकांचा किताब पंतसचिव. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हाच्या अष्टप्रधानांत सचिव हे एक पद होतं. त्याचं जुनं नाव सुरनीस. राजपत्रं नजरेखालून घालायची, त्यांत एखादं अक्षर जास्त-कमी झालं असेल, मजकूर चुकला असेल तर तो शुद्ध करायचा, हे त्या पदाचं काम. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले आणि पद त्यांच्याच घराण्यात राहिलं. 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत भोरचा राजा हा सचिवच होता. मजकूर दुरुस्त करण्याच्या कामावरून ज्याच्या राजाला किताब मिळाला, असं राज्य आपल्या पुणे जिल्ह्यात होऊन गेलं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आज हे काम ज्या साधनावर चालतं त्याला आपण टेक्स्ट एडिटर म्हणतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा सगळा दिवस त्यातच जातो. आणि त्या दिवसातला मोठा भाग नवं लिहिण्यात जात नाही, आधी लिहिलेलं बदलण्यात जातो. बदलायचं तर आधी दाखवावं लागतं: हा तुकडा. माणसाला बोट दाखवलं की कळतं. एडिटरला ते कसं कळतं, आणि गेल्या पन्नासेक वर्षांत ते जास्त नीट कळावं म्हणून काय काय केलं गेलं, ते या लेखात सांगतो.

ज्यांनी प्रोग्राम कधी पाहिला नसेल त्यांनी पावसाळ्यात पाबे घाट उतरून वेल्ह्याकडे जावं. डोंगरउताराला धरून भाताची खाचरं एकाखाली एक उतरत जातात. प्रत्येक खाचराला बांध आहे, आणि बांध आहे म्हणूनच ते खाचर आहे. बांध फुटला की पाणी जातं आणि उरतो तो नुसता उतार. चार खाचरं मिळून एक पोटहिस्सा, पोटहिस्से मिळून एक गट नंबर, गट मिळून गावचं शिवार. प्रोग्रामची रचना अशीच असते. तिथले बांध म्हणजे कंस: गोल, चौकोनी, महिरपी. अवतरणचिन्हंही बांधच. एका कंसात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, असे थरावर थर. ‘या खाचरातलं रोप काढ’ हे वाक्य शेतात जितकं सरळ आहे, तितकंच एडिटरमध्येही सरळ असावं, एवढीच अपेक्षा आहे.

सुरुवातीला ते मुळीच सरळ नव्हतं. केन थॉम्प्सन यांनी 1969 च्या सुमारास युनिक्स या कार्यप्रणालीसाठी ‘एड’ हा एडिटर लिहिला. त्याला ओळ तेवढी कळत असे. बाराव्या ओळीपासून अठराव्या ओळीपर्यंत, असं सांगायचं, म्हणजे शेत दाखवायचं तर पावलं मोजून दाखवायचं. 1976 साली बर्कलीला बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ लिहिला, तेव्हा आज्ञांना एक छोटं व्याकरण आलं: आधी क्रियापद, मग कुठवर जायचं ते. ‘पुस’ आणि ‘शब्दाच्या शेवटापर्यंत’. ‘बदल’ आणि ‘जोडीच्या कंसापर्यंत’. फार मोठी सोय झाली, पण एक अडचण उरली. हे सगळं कर्सर (पडद्यावर आपली जागा दाखवणारी खूण) जिथे उभा आहे तिथून पुढे मोजलं जाई. तुम्ही शब्दाच्या मधोमध असाल तर अर्धाच शब्द पुसला जायचा. पूर्ण हवा तर आधी त्याच्या सुरुवातीला जाऊन उभं राहायचं. खाचराच्या मध्यावर उभ्या माणसाला ‘आधी कोपऱ्यावर जा, मग सांग’ म्हणण्यासारखं.

ही अडचण ‘व्हिम’ने सोडवली. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रामरने अमिगा संगणकासाठी लिहिलेला हा एडिटर 1991 मध्ये लोकांसमोर आला आणि 3 ऑगस्ट 2023 ला मोलेनार वारले तोवर ते त्याची देखभाल करत होते. एडिटर फुकट; ज्यांना काही द्यावंसं वाटेल त्यांनी युगांडातल्या किबाले इथल्या मुलांसाठी द्यावं, एवढीच त्यांची विनंती असे. व्हिममध्ये त्यांनी ‘मजकूर-वस्तू’ ही कल्पना रुजवली. कर्सर वस्तूच्या आत कुठेही असो. वस्तूचं नाव घ्या, एडिटर तिच्या दोन्ही कडा स्वतः शोधेल. सी, आय आणि कंस अशा तीन कळा दाबल्या की अर्थ होतो: ज्या कंसात मी उभा आहे त्याच्या आतलं सगळं बदलायचंय. आयच्या जागी ए दाबला तर कंसासकट सगळं.

आत की सकट? सगळ्या विषयाचं मर्म या एका प्रश्नात आहे. शेतकऱ्याला तो शिकवावा लागत नाही. ‘खाचर साफ कर’ म्हटलं की बांधाला हात लागत नाही. ‘खाचर मोडून टाक’ म्हटलं की बांधही जातो. एडिटरला मात्र प्रत्येक वस्तूसाठी हे वेगळं ठरवून द्यावं लागतं. शब्द ‘सकट’ घ्यायचा म्हणजे काय घ्यायचं? शब्दाला बांध नसतो, बाजूची मोकळी जागा असते. ती घेतली नाही तर शब्द पुसल्यावर मागे दोन मोकळ्या जागा उरतात आणि वाक्यात खड्डा दिसतो. म्हणून व्हिम शब्दाबरोबर शेजारची एका बाजूची जागा उचलतो.

याहून अवघड गोष्ट स्वल्पविरामाची. समजा प्रोग्रामात लिहिलंय: हिशेब(भात, नाचणी, वरई). यातली नाचणी काढायची आहे. नुसती नाचणी काढली तर दोन स्वल्पविराम एकापाठोपाठ राहतात आणि प्रोग्राम मोडतो. दोन्ही बाजूंचे स्वल्पविराम काढले तर भात आणि वरई एकमेकांना चिकटतात, प्रोग्राम तरीही मोडतो. स्वल्पविराम हा सामाईक बांध आहे, अर्धा याचा, अर्धा त्याचा. तेव्हा एक आणि एकच स्वल्पविराम जायला हवा. पहिला घटक असेल तर पुढचा, शेवटचा असेल तर मागचा, आणि एकटाच असेल तर कुठलाच नाही. हे काम नीट करणारी जोड-साधनं व्हिमसाठी नंतर लोकांनी लिहिली. ख्रिस्टियान वेलेनब्रॉक यांचं ‘टार्गेट्स’ त्यातलं नावाजलेलं. बांध कोरण्यावरून गावोगाव किती भांडणं होतात ते आपण जाणतो. चुकीचा स्वल्पविराम उचलणारा एडिटर तेच करतो: शेजाऱ्याचं वीतभर घेतो, आणि ते ताबडतोब लक्षातही येत नाही.

दुसरा प्रश्न थराचा. राजगडावर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि त्यांच्या मधोमध उंचावर बालेकिल्ला. बालेकिल्ल्यात उभं राहून मी ‘हा किल्ला’ म्हटलं तर ऐकणाऱ्याने बालेकिल्ला समजायचा की आख्खा राजगड? दोन्ही बरोबर. म्हणून ‘एक थर बाहेर’ अशी आज्ञा लागते. व्हिममध्ये आकडा देऊन दुसऱ्या थराचा कंस मागता येतो. पण आपण तिसऱ्या थरात आहोत की चौथ्या, हे मोजत कोण बसणार? मॅग्नार स्वीन यांनी ‘ईमॅक्स’ या दुसऱ्या एडिटरसाठी लिहिलेल्या ‘एक्स्पांड रीजन’ची रीत मला जास्त माणसाळलेली वाटते: एक कळ दाबली की शब्द, पुन्हा दाबली की अवतरणातलं वाक्य, पुन्हा की कंस, पुन्हा की पूर्ण फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला एका कामाचा ठोकळा. डोळ्यांदेखत निवड फुगत जाते आणि हवी तिथे आपण थांबतो. जेटब्रेन्सच्या एडिटरांत आणि व्हीएस कोडमध्येही ही सोय आहे. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. चुकून एक पायरी जास्त झाली तर ज्या पायऱ्यांनी वर गेलो त्याच पायऱ्यांनी खाली येता आलं पाहिजे. आणि एकही कळ वाया जाता कामा नये. प्रोग्रामच्या रचनेत कधीकधी वरचा थर आणि खालचा थर नेमका तेवढाच मजकूर व्यापतात. अशा वेळी कळ दाबूनही पडद्यावर काहीच हलत नाही आणि माणूस गोंधळतो. असे जुळे थर एडिटरने मुकाट ओलांडावेत.

तिसरा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो. आपण कुठल्याच खाचरात नसून वाटेवर उभे आहोत आणि म्हणतो, ‘खाचरातलं रोप काढ’. कुठलं खाचर?

मूळ व्हिम गोल कंसाच्या बाबतीत गप्प राहतो: तुम्ही कंसात नाही, तेव्हा आज्ञा रद्द. अवतरणाच्या बाबतीत मात्र तोच व्हिम त्याच ओळीवर पुढे शोधून पहिलं अवतरण पकडतो. एका वस्तूला एक नियम, दुसरीला दुसरा. शिवाय अवतरणात आणखी एक खोच आहे. कंसाचं उघडणारं चिन्ह वेगळं आणि मिटणारं वेगळं. सरळ अवतरणचिन्ह दोन्हीकडे एकच. एका ओळीवर दोन अवतरणं असली आणि कर्सर त्यांच्या मधल्या मोकळ्या शब्दावर असला, तर डावीकडे एक चिन्ह दिसतं, उजवीकडेही एक दिसतं, आणि एडिटर समजतो की मधला शब्दच अवतरणात आहे. दोन खाचरांच्या मधल्या पायवाटेलाही दोन्ही बाजूंनी बांध असतो. म्हणून ती खाचर होत नाही. इलाज सोपा आहे. ओळीच्या आरंभापासून चिन्हं मोजत यायचं, पहिलं उघडतं, दुसरं मिटवतं, तिसरं उघडतं.

‘जवळचा तुकडा’ म्हणजे कोणता, याचं उत्तर ‘टार्गेट्स’ने आणि पुढे व्हिमपासूनच फुटलेल्या ‘निओव्हिम’साठी येवगेनी चास्नोव्स्की यांनी लिहिलेल्या ‘मिनी एआय’ने बरंच पुढे नेलं. मिनी एआयची मूळ चाल अशी: आधी कर्सरला वेढणारा तुकडा पाहा, तो नसेल तर पुढे येणारा पहिला घ्या. शोध पन्नास ओळींच्या टप्प्यात राहतो. पुढचा किंवा मागचा तुकडा मुद्दाम हवा असेल तर त्यासाठी वेगळं अक्षर आहे. ज्याला हवं त्याने ‘अंतराने सर्वांत जवळचा’ ही चालही निवडावी.

अंतराने जवळचा, हे ऐकायला न्याय्य वाटतं. मी मात्र पहिल्या चालीच्या बाजूचा आहे. कारण सांगतो. मागचा कंस तीन अक्षरांवर मिटला आहे आणि पुढचा चार अक्षरांवर उघडतो आहे, अशा जागी अंतराने ठरवलं तर मागचा निवडला जाईल. कर्सर एक-दोन घरं सरकला की पुढचा. हाताला सवय लागण्यासाठी नियम असा हवा की आज्ञा देण्याआधीच मनात उत्तर तयार असेल. आपण डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचतो. नजर पुढे असते. ‘वेढणारा, नाहीतर पुढचा’ हा नियम हात दोन दिवसांत शिकतो. अंतराच्या नियमात मात्र दर वेळी अक्षरं मोजावी लागतील. पन्नास ओळींची मर्यादाही मला योग्य वाटते. पडद्यावर जे दिसत नाही असं काहीतरी चारशे ओळी खाली पुसलं गेलं, तर ते कळणारच नाही. न दिसणाऱ्या तुकड्याला हात लावण्यापेक्षा एडिटरने नकार द्यावा.

याच भीतीतून दुसरी एक वाट निघाली. मॅक्सिम कोस्ट यांच्या ‘काकून’ने आणि त्यावरून स्फूर्ती घेतलेल्या ‘हेलिक्स’ने व्हिमचा क्रम उलटा केला: आधी तुकडा निवडा, तो पडद्यावर उजळलेला पाहा, मग क्रिया सांगा. मराठी माणसाला हा क्रम परका वाटू नये. आपलं वाक्यही तसंच चालतं. ‘कंसातलं बदल’, ‘ही ओळ पुस’. आधी कर्म, शेवटी क्रियापद. चूक झाली तर क्रियापद उच्चारण्याआधीच दिसते.

इथवर आपण खुणांवर विसंबून होतो. खुणा मात्र फसवतात. अवतरणाच्या आत एखादा सुटा कंस लिहिलेला असतो. तो बांध नव्हे, ते बांधाचं चित्र. टिपणीतही कंस असतात. जुन्या व्हीआयमध्ये एका भागावरून दुसऱ्या भागावर उडी मारण्याची सोय होती, पण ती महिरपी कंस ओळीच्या अगदी पहिल्या घरात असेल तरच चाले. कोणी कंस आदल्या ओळीच्या शेवटी लिहिला की उडी चुकली. पायथॉनसारख्या भाषेत तर ठोकळ्याला कंसच नाही, समासापासूनची माघार हाच बांध. तिथे मधे एखादी रिकामी ओळ आली तर ठोकळा संपला की नुसता श्वास घेतला, हे ठरवावं लागतं.

खुणांवाचून वाचण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. मोडीतले कागद पाहा. आधी कागदभर रेघा ओढायच्या, मग त्यांना लटकवत अक्षरं लिहीत जायचं. शब्द संपला म्हणून जागा सोडायची पद्धत नाही. जाणकार मोडीवाचक शब्द कुठे तुटतो ते रेघेवरून ओळखत नाही, भाषेवरून ओळखतो. विभक्तीचा प्रत्यय आला, क्रियापद आलं, इथे तुकडा पडला. कागद फाटलेला असला, मधली दोन अक्षरं वाळवीने खाल्ली असली, तरी तो अडून बसत नाही. पुढचं वाचून मागचं सावरतो.

एडिटरला ही कला मिळाली ती ‘ट्री-सिटर’ या लायब्ररीमुळे. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी गिटहबमध्ये ‘अ‍ॅटम’ एडिटरसाठी ती विकसित केली. ती प्रोग्रामच्या भाषेचं व्याकरण घेऊन मजकुराची वंशावळ मांडते: हे फंक्शन, त्याच्या पोटात ही अट, अटीच्या पोटात ही दोन वाक्यं. अवतरणातला कंस तिला फसवू शकत नाही, कारण अवतरण हा तिच्या दृष्टीने एकच दाणा आहे. तिचे दोन गुण मोडीवाचकाचे आहेत. लिहिता लिहिता प्रोग्राम बहुतेक वेळ अर्धवटच असतो, एखादा कंस उघडा असतो. अशा वेळीही ती उरलेली रचना लावून दाखवते. आणि एक अक्षर बदललं म्हणून सगळी फाइल पुन्हा वाचत नाही. जेवढा बांध हलला तेवढ्याच खाचरांची मोजणी पुन्हा करते. 2021 मध्ये निओव्हिमच्या 0.5 आवृत्तीत ती आली, 2023 मध्ये ईमॅक्सच्या 29व्या आवृत्तीत. आता ‘या फंक्शनच्या आतलं’, ‘हा वर्ग संपूर्ण’ अशी मागणी करता येते. प्रत्येक भाषेसाठी कुणीतरी आत आणि बाहेर म्हणजे काय ते एका छोट्या फाइलीत लिहून ठेवतं, आणि मोलेनार यांचा तो आत-की-सकटचा प्रश्न तिथेही तसाच उभा असतो.

आता आपल्या लिपीचं. पायथॉनमध्ये तुम्ही एखाद्या चलाला ‘भोर’ किंवा ‘वेल्हे’ असं नाव देऊ शकता. भाषा ते मुकाट स्वीकारते. पण त्याच पायथॉनच्या नमुना-शोध साधनाला, म्हणजे सोबत येणाऱ्या ‘आरई’ला, ‘शब्दातली अक्षरं वेचून दे’ असं सांगितलं तर भोरचे दोन तुकडे होतात, भ आणि र. वेल्ह्याचे तीन: व, ल, ह. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हं आहेत आणि ते साधन त्यांना अक्षर मानत नाही. शब्दाची व्याख्या अशा नमुन्यावर बांधलेली असली की दोनदा टिचकी मारून शब्द निवडायला जावं आणि हातात नुसता व यावा. ‘रीजेक्स’ या निराळ्या साधनात मात्र शब्द अखंड राहतो. जोडाक्षराची गोष्ट अशीच होती: दऱ्या आणि दर्या यांतला फरक आपल्याला डोळे मिटून कळतो, पण जोडाक्षर हा एकच ठोकळा धरावा असा नियम युनिकोडने देवनागरीसाठी सप्टेंबर 2023 मधल्या 15.1 आवृत्तीत घातला.

याच्याही पलीकडे व्याकरण आहे. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायला मान्यता दिली. एखाद्या लांब दस्तऐवजात हा बदल करायचा असं समजा. ‘वेल्हे’ शोधून ‘राजगड’ घाला म्हटलं तर ‘वेल्ह्यात’, ‘वेल्ह्याच्या’, ‘वेल्ह्याहून’ हे शब्द सापडणारच नाहीत, कारण सामान्यरूपात शब्दाचं अंगच बदललेलं आहे. मराठीत शब्दाच्या आत शब्द आणि प्रत्यय असे दोन थर असतात. ‘प्रत्ययाविना शब्द’ आणि ‘प्रत्ययासकट शब्द’ ही तर अगदी आत-सकटची जोडी. प्रोग्रामसाठी जी समज एडिटरांना आली, ती मराठी मजकुरासाठी यायला मूलभूत अडथळा काहीच नाही. कुणीतरी बसून मराठी शब्दांचे बांध लिहून काढायला हवेत.

व्हिम, निओव्हिम, ईमॅक्स, हेलिक्स, ट्री-सिटर हे सगळं खुलं आहे. कुणालाही वाचता येतं, दुरुस्ती सुचवता येते. भोर-वेल्ह्याची मुलं आज पुण्यात प्रोग्राम लिहितात. त्यांना माझी विनंती आहे: आपण रोज वापरतो त्या एडिटरमध्ये आपल्या गावाचं नाव लिहा, त्यावर दोनदा टिचकी मारा, आणि ते तुटलं तर एडिटर सांभाळणाऱ्यांना तसं कळवा.